तुळईखालचे चार प्रयोग

मिस्त्रीनं पेचकस तुळईच्या टोकाशी टेकवला, जरासा दाबला, आणि तो पिकल्या फळात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला.

"बघितलंत, ताई?"

बत्तीताईनं बघितलं होतं. दोघं नाट्यगृहाच्या छतावरच्या माळ्यात गुडघ्यांवर बसले होते. जळालेला एक दिवा बदलायला म्हणून वर चढले होते, आणि मिस्त्रीची नजर भिंतीवरच्या ओल्या डागाकडे गेली होती. गेल्या वर्षी नाट्यगृहाच्या मालकानं गच्चीवर हवा गार करणारी चार अवजड यंत्रं बसवली. प्रेक्षक खूश झाले. पण त्या यंत्रांचं पाणी वर्षभर भिंतीतून झिरपत होतं, आणि मुरत होतं ते नेमकं या तुळईच्या बुडात. रंगमंचापासून मागच्या बाल्कनीपर्यंत गेलेली ही एकच थोरली तुळई. सगळं छत तिच्या जिवावर.

मिस्त्रीनं पेचकस बाहेर ओढला. टोकाला ओला, तपकिरी भुगा लागला होता. मग त्यानं विजेरी पुढे सरकवली. लाकडाच्या मधोमध एक भेग गेली होती. त्यानं खिशातून वहीचा कागद काढला, तीन पट्ट्या फाडल्या, भेगेवर आडव्या चिकटवल्या आणि पेन्सिलीनं तारीख घातली.

"या फाटल्या तर समजायचं, भेग चालती आहे," तो म्हणाला.

"नि चालती असली तर? किती दिवस काढेल?"

"लाकूड माणसासारखं असतं, ताई. आजारी आहे एवढं सांगतं. कधी जाणार ते सांगत नाही."

बत्तीताईचं खरं नाव नाटक कंपनीत कुणी घेत नसे. कंपनी तिच्या सासऱ्यांनी काढलेली. थोरले दीर नाटक बसवत आणि त्यात कामही करत; त्यांना ती आणि तिच्यामुळे निम्मी कंपनी भाऊजी म्हणत असे. थोरल्या जाऊबाई नाटकातली मुख्य भूमिका करत. बत्तीताईचा नवरा दिवे सांभाळायचा. सहा वर्षांपूर्वी तो तापाचं निमित्त होऊन गेला, आणि महिन्याभरात ती बाल्कनीच्या मागच्या दिव्यांच्या खोलीत त्याच्या खुर्चीवर येऊन बसली. कुणी ये म्हटलं नव्हतं, कुणी ऊठही म्हटलं नाही. आधी ती लग्न होऊन आलेली साधी गृहिणी होती. नाटक म्हणजे घरच्यांचं खूळ, असं तिचं स्पष्ट मत होतं. पण त्या अंधाऱ्या खोलीत, बोटांखाली दिव्यांच्या कळा घेऊन बसल्यावर तिला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. खाली साडेतीनशे माणसं आणि त्यांनी कुठं बघायचं ते आपल्या बोटावर. अशी गोष्ट तिच्या वाट्याला कधी आली नव्हती.

चालू नाटकाचे शहाण्णव प्रयोग झाले होते. कंपनीच्या इतिहासात एकाही नाटकानं शंभरी गाठली नव्हती. सासऱ्यांचं एक सत्त्याऐंशीवर थांबलं, आणि म्हणे म्हातारा मरतानासुद्धा "तेरा राहिले" असं पुटपुटत होता. खरं-खोटं तोच जाणे. पण भाऊजींच्या डोक्यात तो आकडा खिळ्यासारखा रुतून बसला होता.

दोन दिवसांनी मिस्त्री एकटाच माळ्यावर गेला आणि उतरला तो सरळ रंगभूषेच्या खोलीत आला. बत्तीताई तिथंच होती. भाऊजी आरशासमोर मिशी चिकटवत होते.

"तीनपैकी दोन फाटल्या," मिस्त्री म्हणाला.

"काय फाटल्या?"

मिस्त्रीनं सगळं सांगितलं. भाऊजींनी आरशातूनच ऐकून घेतलं.

"मिस्त्री, तुम्ही दरवर्षी काहीतरी पडणार म्हणून सांगता. मागं रंगमंचाच्या फळ्या पडणार होत्या."

"त्या मी बदलल्या, म्हणून पडल्या नाहीत."

"मालकांशी बोललोय मी. पुढच्या महिन्यात त्यांचा अभियंता येतोय. आपले चारच प्रयोग राहिलेत. शंभर होऊ देत, मग त्यांना मी स्वतः शिडीवर चढवतो."

"चार प्रयोग म्हणजे चार वेळा साडेतीनशे माणसं, साहेब."

"कागद फाटला म्हणून छत पडत नाही."

एकवीस वर्षं मिस्त्री या कंपनीत होता. पडदा ओढणं, नेपथ्य बदलणं, विंगेतल्या फोनवर बत्तीताईचा निरोप घेणं, सगळं त्याच्याकडे. त्यानं कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी उचलून खांद्याला लावली.

"मग मला मोकळं करा. माझ्या हातानं मी आता इथला पडदा उघडणार नाही."

"ऐन वेळेला? शंभरावा तोंडावर आला असताना?"

"तोंडावर काय आलंय ते मी बघितलंय," मिस्त्री म्हणाला आणि बाहेर पडला.

बत्तीताई त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेली. तो थांबला. "ताई, तुम्ही घरातल्या. तुम्ही बोललात तर ते ऐकतील. नाही ऐकलं तर दिवे लावू नका. दिव्यांशिवाय कसला प्रयोग?"

"बोलते मी," ती म्हणाली.

ती बोलली नाही. त्या दिवशी राहून गेलं, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाऊजींचं डोकं फिरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी सत्त्याण्णवावा प्रयोग होता. कारणं काय, मागाल तितकी मिळतात. खरं कारण तिला माहीत होतं आणि त्याच्याकडे ती डोळे उघडून बघत नव्हती. शंभरावा तिलाही हवा होता. या नाटकाची सगळी प्रकाशयोजना तिच्या नवऱ्यानं शेवटच्या वर्षात वहीत लिहून ठेवलेली. मिस्त्रीचं ऐकलं, तर नाटक थांबणार होतं आणि ते परत उभं राहील याचा काही भरवसा नव्हता.

सत्त्याण्णवाव्या प्रयोगाला तिचं लक्ष रंगमंचावर कमी आणि वर जास्त होतं. मध्यंतरात तिकीटकाका नेहमीसारखे चहा घेऊन आले. बाल्कनीच्या दाराशी उभं राहून तिकिटं फाडणारे हे म्हातारे गृहस्थ. नाटक त्यांना तोंडपाठ होतं, पण गुडघ्यांमुळे एकदा वर चढले की प्रयोग संपेपर्यंत ते उतरत नसत, म्हणून खालून, समोरून त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं.

"काय गं पोरी, छताकडे काय बघतेस? तिकडे कोण काम करतंय?"

"काही नाही काका. मान अवघडली."

अठ्ठ्याण्णवाव्या प्रयोगाच्या आधी तिला छताच्या गिलाव्यावर केसासारखी एक रेघ दिसली. रंगाची असेल, असं ती मनाशी म्हणाली. नव्व्याण्णवाव्याला बाल्कनीचं एक दार लागेना. काकांनी खांदा लावून ते रेटलं.

"फुगलंय मेलं दमट हवेनं," ते म्हणाले.

हवा कोरडी होती. बत्तीताईनं चौकटीकडे पाहिलं. चौकट वरच्या कोपऱ्यात बोटभर तिरकी झाली होती. प्रयोग संपल्यावर सगळे गेल्यानंतर ती विजेरी घेऊन माळ्यावर चढली. तिसरी पट्टीही फाटली होती, आणि फाटलेल्या दोन टोकांमध्ये आता तिची करंगळी जात होती.

ती खाली आली, हात धुतले आणि घरी गेली. भाऊजी जेवताना शंभराव्याची जाहिरात वाचून दाखवत होते. सगळी तिकिटं संपली होती. जाऊबाई ताटाकडे बघत जेवत होत्या. बत्तीताईनं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा घास घातला.

शंभरावा प्रयोग दुपारी चारचा होता. तिसऱ्या घंटेआधी ती रंगभूषेच्या खोलीत गेली. जाऊबाई म्हातारीच्या पांढऱ्या केसांचा टोप नीट करत होत्या.

"जाऊबाई, मला एक सांगायचंय."

"आत्ता नको." त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. "जे काय असेल ते प्रयोगानंतर सांग. बरं-वाईट दोन्ही."

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, पण बत्तीताईला त्या वेळी ते ओळखता आलं नाही. घंटा झाली आणि ती वर पळाली.

नाटक होतं एका म्हातारीचं. तीन मुलगे घर विकायला निघालेत आणि ती सामान बांधून खुर्चीत बसून राहिली आहे, उठत नाही. शेवटच्या प्रवेशात भाऊजी वकील होऊन येतात आणि तिला उठवतात. पहिला अंक उत्तम झाला. साडेतीनशे माणसं एका छातीनं श्वास घेत असल्यासारखी शांत होती. दुसरा अंक संपत आला होता, तेव्हा बत्तीताईला दिव्याच्या झोतात धूळ दिसली.

धूळ झोतात नेहमीच असते. पण ती तरंगते. ही सरळ खाली येत होती, चाळणीतून पीठ पडावं तशी, आणि एकाच रेषेत, बाल्कनीच्या कठड्यापासून पार पुढपर्यंत. मग बोटं मोडल्यासारखा एक आवाज झाला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोक्यावरून हात फिरवला आणि परत नाटक बघू लागली. पुन्हा तसाच आवाज. या वेळी दिव्यांची खोली किंचित हलली. टेबलावरच्या चहाच्या कपात वर्तुळ उठलेलं तिनं पाहिलं.

तिनं विंगेत फोन लावला. तो वाजत राहिला. मग तिच्या लक्षात आलं, फोन उचलायचा तो माणूस दहा दिवसांपूर्वी पिशवी खांद्याला लावून गेला होता.

होते ते दिवे तसेच ठेवून ती उठली. दाराशी काका होते.

"काका, दोन्ही दारं उघडून ठेवा. अडकतं ते आधी. आणि लोक उठले की एकेकाला सोडा, जिन्यात गर्दी होऊ देऊ नका."

काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग वर पाहिलं. काही न विचारता ते दाराला खांदा लावायला गेले.

ती जिना उतरून बाजूच्या बोळातून विंगेत पोचली तेव्हा भाऊजी प्रवेशासाठी सज्ज होते.

"तू इथं? दिवे कोण बघतंय?"

"भाऊजी, तुळई चालली. आत्ता. माणसं बाहेर काढा."

त्यांचा चेहरा रंगाखाली पांढरा पडला, हे तिला दिसलं. पण ते म्हणाले, "बारा मिनिटं राहिलीत."

"बारा मिनिटं नाहीत!"

"हळू बोल! पळा म्हणून ओरडलीस तर त्या अरुंद जिन्यात चेंगरून मरतील माणसं. छत राहील जागेवर आणि माणसं मरतील. बारा मिनिटांत आपोआप बाहेर पडतील सगळे." त्यांनी तिचं मनगट धरलं. "बारा मिनिटं. हात जोडतो तुझ्यापुढे."

आणि खरोखर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हा माणूस आपल्या भावाच्या मरणाला रडला नव्हता, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिनं हात हिसडला आणि जिथं सहा वर्षांत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं, त्या रंगमंचावर ती चालत गेली.

उजेड तोंडावर आदळला. आपण वरून टाकतो तो उजेड इतका गरम असतो हे तिला ठाऊक नव्हतं. समोर काळोख, आणि काळोखात माणसांचा श्वास. काळ्या कपड्यांतली, धापा टाकणारी एक बाई मध्येच आलेली पाहून प्रेक्षागृहात कुजबुज झाली. जाऊबाई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर बोचकं. त्यांनी मान वळवली, जावेकडे पाहिलं.

"कोण गं? शेजारची ना तू?" त्या म्हातारीच्या आवाजात म्हणाल्या.

बत्तीताईनं मान हलवली. "हो."

"मग अशी दारात काय उभी? बोल की. काय म्हणणं आहे?"

"घर सोडायला हवं. आत्ताच्या आत्ता. सगळ्यांनी."

जाऊबाईंनी विचारलं नाही, का. त्यांनी वर पाहिलंही नाही. बोचकं खाली ठेवलं, उठल्या, आणि रंगमंचाच्या पार कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

"ऐकलंत?" त्या अंधाराला म्हणाल्या. "दीड तास माझ्या घरात ठाण मांडून बसलात. आमच्या घरची भांडणं मिटक्या मारत ऐकलीत. एकानं तरी विचारलं, आजी, पाणी हवं का?"

हशा पिकला.

"तर आता माझं एक काम करायचं. मला या घरातून एकटीनं बाहेर पडवत नाही. पाय उचलत नाही माझा. तुम्ही पुढे चला, मी तुमच्या मागून येते. सगळे. बाहेर अंगणात जमा, जे काय व्हायचं ते तिथं, चारचौघांत होऊ दे. आधी माडीवरची मंडळी. मग मागच्या रांगा. लहानांचा हात धरा, म्हाताऱ्यांना वाट द्या. आणि जो घाई करील, त्याला मी कान धरून परत बसवीन."

टाळ्या पडल्या. शंभराव्या प्रयोगाची काहीतरी गंमत आहे, असं लोकांना वाटलं. बाल्कनीत खुर्च्या खडखडल्या. बत्तीताईनं विंगेत जाऊन प्रेक्षागृहाचे दिवे लावले, आणि उजेड झाल्याबरोबर तिला छतावरची ती रेघ दिसली. आता ती रेघ नव्हती. हात घालता येईल एवढी फट होती.

लोक उतरत होते, हसत, एकमेकांना ढकलण्याची खोटी भीती दाखवत. निम्मं प्रेक्षागृह रिकामं झालं असेल, तेव्हा मधल्या वाटेवर गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा पडून फुटला. एक बाई किंचाळली. सगळ्या माना वर गेल्या. आता दाराकडे लोंढा सुटणार, एवढ्यात विंगेतून खणखणीत आवाज आला.

"बघा! मी सांगून ऐकलं नाहीत, आता घरच सांगायला लागलं!"

भाऊजी वकिलाचा कोट सावरत आले. त्यांनी रंगमंचावरून खाली उडी मारली, त्या तुकड्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि मोठ्यानं हसले. "चला, चला, नोटीस लागू झाली. सातवी रांग, उठा. सहावी, थांबा, तुमचा नंबर यायचाय. अहो आजोबा, चष्मा राहिला तुमचा!" एकेका रांगेला ते हातानं उठवत होते, टोमणे मारत होते, आणि लोक भीती अर्धी गिळून हसत हसत चालत होते. दोन मिनिटांपूर्वी ज्या माणसाचा तिला तिटकारा आला होता, तो त्या तुळईखाली उभा राहून आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम करत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कुठली धरायची, हे तिला तेव्हाही कळलं नाही.

पावणेसहाला सगळे बाहेर होते. पायऱ्यांवर, फुटपाथवर, समोरच्या दुकानांच्या दारांत. रस्त्यावरची वाहनं थांबली. जाऊबाई वरच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी शेवटचा प्रवेश सुरू केला. माणसं जागची हलू नयेत, दाराकडे परत फिरू नयेत, म्हणून. नव्व्याण्णव वेळा पाहिलेला तो प्रवेश बत्तीताईनं उतरत्या उन्हात पाहिला. टोपाची कड दिसत होती, रंग घामानं ओघळत होता, आणि तरी रस्त्यावर कुणी खोकत नव्हतं.

ती माणसं मोजत होती. कंपनीतले सगळे होते. काका नव्हते.

"काका कुठायत?" तिनं एका प्रेक्षकाला विचारलं.

"दारावरचे ना? ते परत वर गेले. कुणी राहिलं नाही ना, बघून येतो म्हणाले."

ती दाराकडे वळली, तेवढ्यात आतून एक लांब निःश्वास टाकल्यासारखा आवाज आला. मग दारं आतून ढकलल्यासारखी उघडली आणि तपकिरी धुळीचा लोट पायऱ्यांवरून, जाऊबाईंवरून, पहिल्या काही माणसांवरून वाहत रस्त्यावर आला. जमिनीला हिसका बसला. सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत गर्दीच्या मागच्या बाजूनं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आणखी काहींनी साथ दिली. मग त्यांना कळलं, आणि टाळ्या एकेक करून थांबल्या.

काका बाल्कनीच्या जिन्याखाली सापडले. सकाळपर्यंत होते, मग गेले.

पुढचा आठवडा वर्तमानपत्रांत कंपनीचं कौतुक होतं. साडेतीनशे माणसांना नाटक करून वाचवणारं कुटुंब. भाऊजींचा वकिलाच्या कोटातला फोटो. चौकशीसाठी एक अधिकारी नेमला गेला. ज्या दिवशी साक्षीची पत्रं आली, त्या दिवशी भाऊजींनी दोघींना जेवणाच्या टेबलाशी बसवलं.

"आपल्याला काही माहीत नव्हतं. मिस्त्री काही न सांगता काम सोडून गेला. एवढंच बोलायचं."

"मिस्त्रींनी सांगितलं होतं," बत्तीताई म्हणाली.

"कागदावर? कुणाच्या सहीनं?"

"माझ्यासमोर सांगितलं होतं, भाऊजी."

"मग तूही चार प्रयोग गप्प होतीस." ते चढ्या आवाजात बोलले नाहीत. "काकांना दारं उघडायला कुणी सांगितलं? हेही सांगशील? नीट विचार कर. बाबांची कंपनी आहे. एका माणसाच्या नावावर काहीतरी लागेल आणि मिटेल. मिस्त्रीला दुसरीकडे कुठेही काम मिळतं."

ते उठून गेले. बत्तीताई टेबलाकडे बघत राहिली, कारण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. जाऊबाईंनी उष्टी ताटं एकात एक घातली.

"मिस्त्री आधी माझ्याकडे आला होता," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"तुमच्या कागदाच्या पट्ट्या फाटायच्याही आधी. भिंत ओली दिसली त्याच दिवशी. वहिनी, तुमची खुर्ची बरोबर त्या तुळईखाली येते, बाजूला घ्या म्हणाला. मी घेतली नाही. बाजूला घेतली तर शेवटचा प्रवेश जमत नाही."

"आणि तुम्ही रोज तिथं बसत होतात? माहीत असून?"

"बसत होते." जाऊबाईंनी ताटं तशीच हातात धरली होती. "भीती वाटायची गं. पण खरं सांगू का तुला? शेवटचे ते चार प्रयोग मी जसे केले, तसं काम मी जन्मात केलं नव्हतं. प्रत्येक वाक्य शेवटचं असेल, असं म्हणायचे. आणि बाहेर आले की वाटायचं, अजून एक होऊ दे. काकांचं तोंड आठवतं आणि तरी ते कामही आठवतं. माणूस आहे की कोण आहे मी?"

बत्तीताईनं त्यांच्या हातातली ताटं काढून घेतली. तिला फोनच्या आधीचा तो क्षण आठवत होता. धूळ दिसल्यावर तिनं लगेच फोन उचलला नव्हता. जाऊबाईंचं एक लांबलचक स्वगत चालू होतं, आणि त्याच्या शेवटी निळा उजेड हळूहळू आणायचा होता. तो आणून मग तिनं फोन उचलला होता.

साक्षीच्या दिवशी तिनं अधिकाऱ्याला हे सगळं सांगितलं. पेचकस, पट्ट्या, तारखा, दार, जेवणाचं टेबल, आणि तो निळा उजेडसुद्धा. लिहून घेणाऱ्या कारकुनानं मध्येच विचारलं, "हे लिहायचं का?" अधिकारी म्हणाला, "लिहा." तिच्यानंतर जाऊबाई आत गेल्या. दार बंद होतं, पण त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बत्तीताईला शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांनी काहीही गाळलं नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला मिस्त्री बसला होता. तो मान खाली घालून ऐकत होता, आणि ऐकून झाल्यावर दोघींशी एक अक्षर न बोलता निघून गेला.

मालकावर आणि भाऊजींवर खटला उभा राहिला. भाऊजी काही महिने आत होते; सुटून आले ते मुलाकडे राहायला गेले, ते आजतागायत या घरात आले नाहीत. कंपनी बंद झाली. कपड्यांच्या पेट्या कुणी कुणी नेल्या. दोघी जावा त्याच घरात राहतात. बत्तीताई एका दवाखान्यात नोंदवही सांभाळते. जाऊबाई दिवसभर खिडकीशी असतात. नाटकाचा विषय दोघी काढत नाहीत.

परवा दुपारी दोन मुली आणि एक दाढीवाला तरुण असे तिघं दारात आले. नवीन संस्था काढली होती. एका म्हातारीची भूमिका होती, जाऊबाईंची ती म्हातारी बघूनच लिहिलेली, असं म्हणाले. जाऊबाईंनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

"करते," त्या म्हणाल्या.

"आणि ताई, दिव्यांना आमच्याकडे कुणीच नाही. तुम्ही..."

"येईन," बत्तीताई म्हणाली. "तालमी कधीपासून?"

सोमवारपासून, असं ठरलं. मुलींनी दोघींना वाकून वाकून धन्यवाद दिले. मग तिघं बोलत, हसत जिना उतरून गेली, खालचं दार वाजलं, घरात परत शांत झालं. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. नाटक कुठं करणार, ती जागा कशी आहे, छत कसलं आहे, हे दोघींपैकी एकीनंही विचारलं नव्हतं.